कडेवरचं नाव

शनिवार सकाळ. रिलीज काल रात्री गेलं आणि अजून तरी कोणाचा फोन आलेला नाही. बायको मुलीला घेऊन चित्रकलेच्या क्लासला गेलीय, चहा झालाय, म्हणजे निदान दोन तास माझे आहेत. टेबलावर लॅपटॉपशेजारी दोन गोल चकत्या ठेवल्यात. रुपयाच्या जुन्या नाण्यापेक्षा जरा मोठ्या. एक स्टुटगार्टची, एक वाशिमची. दोन्ही पहिल्या महायुद्धातल्या, दोन्ही सैनिकांना मिळालेल्या, आणि एकमेकांच्या विरुद्ध बाजूच्या.

बरेच दिवस यांच्यावर लिहायचं मनात होतं. आज लिहूनच टाकतो.

आधी स्टुटगार्ट. २००६ साली कंपनीनं मला तिकडे ऑनसाईट धाडलं. सव्वीस वर्षांचा वाशिमचा पोरगा, जर्मन येत नाही, मांसाहार चालत नाही, शनिवार-रविवार करायचं काय? शहराच्या मध्यभागी कार्ल्सप्लाट्झ नावाचा चौक आहे. तिथे दर शनिवारी जुना बाजार भरतो. आपल्या पुण्यातल्या जुन्या बाजाराचा गोरा चुलतभाऊच म्हणा. जुनी घड्याळं, चिनी मातीच्या बशा, तुटक्या बाहुल्या, आणि कुठेतरी एका मखमली कापडावर मांडलेली पदकं.

मी त्यातलं एक उचललं. चांदीचं वाटलं. एका बाजूला दाढीवाल्या माणसाचं डोकं, दुसऱ्या बाजूला पानांचं कडं आणि आत चार शब्द. विकणाऱ्या आजोबांनी तीस युरो सांगितले, मी वीस म्हटलं, पंचवीसला सौदा झाला. खोलीवर आलो आणि अभिमानानं रूममेटला सांगितलं, "कैसर विल्हेल्मचं पदक आणलंय!"

चूक. साफ चूक. आणि या चुकीतूनच मला हा नाद लागला.

पदकावर 'विल्हेल्म दुसरा' असं लिहिलं होतं हे खरं. पण पुढे होतं, 'व्युर्टेम्बर्गचा राजा'. त्या काळी जर्मनीत दोन विल्हेल्म दुसरे होते! एक तो जगाला माहीत असलेला, वर वळवलेल्या मिशांचा, जर्मन सम्राट आणि प्रशियाचा राजा. आणि दुसरा हा दाढीवाला, स्टुटगार्टला राहणारा, व्युर्टेम्बर्गचा राजा. दोघंही १९१८ मध्ये गादीवरून गेले.

मला तर शाळेत शिकवलं होतं की बिस्मार्कनं १८७१ मध्ये जर्मनी एक केली. केली, पण कशी? आतली राज्यं तशीच ठेवून. साम्राज्यात २५ घटक राज्यं होती. त्यांतली चार राजांची: प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी आणि व्युर्टेम्बर्ग. बाकी ग्रँड ड्यूक, ड्यूक, प्रिन्स अशी उतरंड. आणि तीन चक्क शहरं: हाम्बुर्ग, ब्रेमेन आणि ल्युबेक. आपल्याकडच्या संस्थानांसारखाच मामला. फरक एवढाच की आपल्या संस्थानांच्या डोक्यावर परका बसला होता, आणि त्यांच्या डोक्यावर त्यांच्यातलाच सगळ्यांत मोठा संस्थानिक.

आता गंमत बघा. युद्ध सुरू झालं ते सगळ्यांचं मिळून, पण पदकं ज्याची त्याची. प्रत्येक राजाची वेगळी, प्रत्येक ड्यूकची वेगळी. त्यामुळे जर्मन पदक हातात आलं की पहिला प्रश्न 'कुठल्या युद्धातलं' हा नसतो. 'कुठल्या राज्याचं' हा असतो. तो सुटला की अर्धं काम झालं.

ओळखायच्या खुणा तशा सोप्या आहेत. एकदा कळल्या की बाजारात उभ्या उभ्या सांगता येतं:

पहिली खूण चेहरा आणि अक्षरं. माझ्या पदकामागे 'फ्यूर टाप्फरकाइट उंड ट्रॉयए' असं आहे, म्हणजे शौर्य आणि निष्ठेसाठी. हे व्युर्टेम्बर्गचं लष्करी गुणवत्ता पदक. हेसनच्या पदकावर तिथल्या ग्रँड ड्यूकचं, अर्न्स्ट लुडविगचं डोकं असतं.

दुसरी खूण आकार. क्रॉस असेल आणि तांबड्या मुलाम्याचा असेल तर बहुतेक त्या तीन शहरांपैकी एकाचा. १९१५ मध्ये तिघांनी मिळून हान्झा क्रॉस काढला. हाम्बुर्गच्या क्रॉसवर मधोमध किल्ला, ब्रेमेनच्या किल्ली, ल्युबेकच्या दोन डोक्यांचा गरुड. मागचा मजकूर तिघांचाही तोच. म्हणजे बेस क्लास एक आणि तीन डिराइव्ह्ड क्लास. :)

तिसरी खूण फीत. सॅक्सनीच्या फ्रीडरिश आउगुस्ट पदकाची फीत पिवळी आणि कडेला फिकट निळी. ओल्डेनबुर्गच्या क्रॉसची निळी आणि कडेला लाल. पण फितीवर फार विसंबू नये, कारण फीत बदलणं हे बदल करण्यातलं सगळ्यांत स्वस्त काम. शंभर वर्षांत कोणीही कोणाचीही फीत कुठेही ओवलेली असते.

आणि चौथी खूण धातू. युद्ध लांबत गेलं तसा चांगला धातू तोफांना लागायला लागला. मग काही राज्यांची पदकं जस्ताची नाहीतर लोखंडाची व्हायला लागली. पदक हातात घेतलं की देशाच्या कोठीत काय शिल्लक होतं ते वजनावरून कळतं.

सगळ्यांना माहीत असतो तो लोखंडी क्रॉस. तो मुळात प्रशियाचा. राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसऱ्यानं १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या लढाईत सुरू केला, मग १८७० मध्ये पुन्हा, मग १९१४ मध्ये पुन्हा. आत काळं लोखंड, बाहेर चांदीची चौकट. खालच्या बाजूवर सालाचा आकडा असतो तो बघायचा. खिशात लोहचुंबक ठेवला की निम्मे नकली क्रॉस जागच्या जागी पकडता येतात, कारण नक्कल करणारे आतला भागही पितळेचा करतात. पहिल्या महायुद्धात दुसऱ्या वर्गाचे हे क्रॉस ५० लाखांच्या वर वाटले गेले, सगळ्या राज्यांतल्या सैनिकांना. म्हणजे एखाद्याच्या छातीवरच्या पट्टीत पहिला लोखंडी क्रॉस दिसला तर त्यावरून तो कुठला ते कळत नाही. त्याच्या शेजारचं दुसरं पदक बघायचं. तो त्याचा गाव.

आणखी एक ठेच सगळे खातात. १९१४-१९१८ असे दोन्ही आकडे असलेला क्रॉस दिसला की लोक त्याला लोखंडी क्रॉस समजतात. तो नव्हे. तो १९३४ मध्ये काढलेला सन्मान क्रॉस, युद्धात भाग घेतलेल्यांनी अर्ज करून मिळवलेला. तलवारी असतील तर आघाडीवर लढलेला, नसतील तर मागे होता.

तर असा मी त्या पदकाचं राज्य, राजा, साल, सगळं शोधून काढलं आणि सोमवारी ऑफिसात माझ्या टीममधल्या जर्मन सहकाऱ्याला दाखवलं. त्यानं हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आणि शांतपणे विचारलं, "कोणाचं आहे?"

मी म्हटलं, व्युर्टेम्बर्गचं.

"राज्य नाही विचारलं. माणूस?"

मी कडा बघितली. कोरी. पूर्ण गोल फिरवली. कोरीच. या पदकावर राजाचं नाव आहे, ज्याला मिळालं त्याचं नाही. तो म्हणाला, "बघ, म्हणूनच मला हे विकत घेणं आवडत नाही. कुणाच्या तरी घरातून निघालेलं असतं, आणि परत जायचा रस्ता नसतो."

त्या वेळी मला तो जरा खडूस वाटला होता. असो.

आता वाशिम.

आमचं घर वाशिमचं. पुण्यात इतकी वर्षं झाली तरी दिवाळीला तिकडेच. काही वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आईबरोबर सराफाकडे गेलो होतो, पाटणी चौकाच्या बाजूला. हे सराफ काका आम्हाला लहानपणापासून ओळखतात. आईचं पैंजणांचं काम चाललं होतं आणि मी नेहमीप्रमाणे मोडीच्या डब्यात नाक खुपसून बसलो होतो. मोड म्हणजे लोकांनी विकलेली जुनी चांदी. तुटकी जोडवी, चेपलेली निरांजनं, करदोट्याचे तुकडे. हे सगळं पुढे गाळायला जातं. आमच्या भागातली चांदीची मोठी पेठ म्हणजे खामगाव, तिकडून पुन्हा नवी होऊन येते.

त्या डब्यात एक काळी पडलेली चकती दिसली. वर कडी डाकलेली, म्हणजे कोणीतरी पोराच्या गळ्यात घालायला केलेलं असणार. अंगठ्यानं घासली तर घोडा दिसला. घोड्यावर उघडा माणूस.

घोडा मला माहीत होता! स्टुटगार्टनंतर मी जर्मन पदकांच्या नादानं समोरच्या बाजूची पदकंही वाचून काढली होती. हे ब्रिटिश वॉर मेडल. चांदीचं, ३६ मिलिमीटर व्यासाचं. एका बाजूला पाचव्या जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर संत जॉर्ज. आणि त्या घोड्याच्या टापांखाली एक ढाल आहे, तिच्यावर गरुड. तो गरुड प्रशियाचा. म्हणजे स्टुटगार्टच्या पदकाचा शत्रू वाशिमच्या डब्यात निघाला.

"काका, हे कुठून आलं?"

"काय मालूम बाबू. तीन-चार वर्षं झाली असतील. रिसोडकडची एक म्हातारी बाई घेऊन आली होती. कोण्या राजाचा बिल्ला होय, तिले बी नाई मालूम, मले बी नाई."

"मी घेतो."

"घेऊन जाय. मोडीच्या भावानं देतो. घडणावळ थोडीच लावून राहिलो तुले!" आणि तराजूत टाकलं. जुन्या हिशेबानं पावणेतीन तोळे, आताच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यानं तीन.

घरी येऊन मोबाईलचा टॉर्च लावला, भिंग घेतलं आणि कडा फिरवली. यावेळी कडा कोरी नव्हती. एक नंबर, 'सिपॉय' हा हुद्दा, एका माणसाचं नाव, आणि पुढे पलटण: ११४ मराठा.

खरं सांगतो, अंगावर काटा आला. इंग्रजांनी पहिल्या महायुद्धातली ही पदकं अशीच दिली, कडेवर माणसाचं नाव ठोकून. चांदीची सुमारे ६५ लाख वाटली, आणि जवळजवळ प्रत्येकावर नाव. हमाल, मजूर तुकड्या यांतल्या लोकांना तेच पदक चांदीऐवजी ब्राँझचं मिळालं. म्हणजे भेदभाव धातूतही केला. पण नाव ठोकायला विसरले नाहीत.

नावाचं स्पेलिंग अर्थात कारकुनाच्या कानावर. गणू की गन्नू, महादू की माधू, जाधव की जाधाव, ऐकलं तसं लिहिलं. म्हणून असं नाव वाचताना डोळ्यांनी नाही, मोठ्यानं वाचायचं. कानाला बरोबर कळतं.

आता पलटण. मराठ्यांच्या तेव्हा सहा पलटणी होत्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. सगळ्यांचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढला. आपल्याकडे जुनी माणसं 'बसऱ्याला गेला होता' म्हणतात ते हेच. १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये होत्या आणि कुत-अल-अमारा इथे वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, १४७ दिवस. शेवटी सुमारे १३,००० जण शरण गेले, पुढे कैदेत कित्येक मेले. वेढा घालणारं सैन्य तुर्की, पण त्याचा वरचा सेनापती कोण? कोल्मार फॉन डेर गोल्ट्झ, प्रशियाचा फील्ड मार्शल. कुत पडायच्या दहा दिवस आधी, १९ एप्रिलला तो बगदादमध्ये आजारानं वारला. म्हणजे पदकावर टापांखाली कोरलेल्या त्या गरुडाशी आपल्या माणसांची गाठ खरोखरच पडली होती, तीही युरोपात नाही, तैग्रिसच्या काठावर.

माझ्या पदकाची ११४ ही पलटण कुतच्या वेढ्यात नव्हती. ती पुढे ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकातच्या लढाईत होती, मेसोपोटेमियातल्या शेवटच्या मोठ्या लढाईत. १९२२ मध्ये सगळ्या मराठा पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या आणि ११४ ही तिची प्रशिक्षण बटालियन झाली, बेळगावला. रेजिमेंटचं केंद्र आजही तिथेच आहे. ११४ या आकड्याच्या जवळच १११ हा आकडा कधी दिसला तर मात्र नीट बघा. १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी केली आणि १९२१ मध्ये मोडून टाकली. तिचं नाव असलेली कडा म्हणजे चार वर्षांच्या आयुष्याचा पुरावा.

आता प्रश्न हा की मराठा पलटणीतला शिपाई वाशिमकडे कसा? या पलटणींची भरती मुख्यतः कोकण आणि देशावरची. वऱ्हाड तसं भरतीचं मोठं क्षेत्र नव्हतं. म्हणजे तो इकडचाच असेल, किंवा त्याचं घराणं पुढे इकडे आलं असेल, किंवा पदकच चांदी म्हणून हातोहात फिरत इथवर आलं असेल. जिथे सापडलं तिथलंच असेल असं धरून चालायचं नाही. हा नियम कार्ल्सप्लाट्झलाही लागू आणि पाटणी चौकालाही.

आमच्याकडे शोधणाऱ्यांसाठी दोन खड्डे आणखी आहेत. एक, १९१४-१८ च्या कागदांत 'वाशिम जिल्हा' शोधाल तर सापडणार नाही. वाशिम, तेव्हाचं बाशिम, पूर्वी स्वतंत्र जिल्हा होता, पण १९०५ मध्ये तो अकोल्यात गेला. पुन्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. म्हणून शोधायचं अकोला. आणि दोन, 'बेरार इन्फंट्री' अशी एक पलटण दिसली की आपले लोक हरखतात, आपलीच की! ९६ बेरार इन्फंट्री ही निजामाच्या नावानं ठेवलेल्या हैदराबाद कंटिंजंटमधून आलेली. १९२२ मध्ये ती हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेली, आणि त्या रेजिमेंटचं १९४५ मध्ये नाव झालं कुमाऊँ रेजिमेंट. पलटणीच्या नावात वऱ्हाड आहे म्हणून शिपाई वऱ्हाडी असेल असं नाही. व्हेरिएबलचं नाव बघून आत काय आहे ते ठरवू नये, हे मी ज्युनिअर लोकांना रोज सांगतो.

मग मी शोधायला बसलो. दोन्ही पदकं समोर, दोन्हीकडे एकाच वेळी. आणि जे हाती आलं ते मला अजून टोचतं.

जर्मन बाजू बघा. प्रशियाच्या सैन्याचे कागद पॉट्सडॅमला होते. १४ एप्रिल १९४५ च्या बाँबहल्ल्यात ते जळाले. पण राज्यं वेगळी, तशी दप्तरंही वेगळी! बव्हेरियाचे कागद म्युनिकला, व्युर्टेम्बर्गचे स्टुटगार्टला, ते वाचले. त्यांत कंपनीच्या वह्या आहेत. प्रत्येक सैनिकाचं नाव, जन्मतारीख, गाव, धंदा, आईबापांची नावं, कुठे जखमी झाला, कुठलं पदक मिळालं, सगळं. त्या खडूस सहकाऱ्यानं मला नंतर त्याच्या पणजोबांच्या पानाची प्रत दाखवली होती. सुतार होते. शिवाय जर्मनीच्या युद्धातल्या हानीच्या छापील याद्या होत्या, त्या हौशी लोकांनी शनिवार-रविवारी बसून टाइप करून काढल्या. ८५ लाखांच्या आसपास नोंदी, घरबसल्या शोधता येतात.

आपली बाजू. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १० लाखांहून जास्त माणसं परदेशी गेली, ७० हजारांहून जास्त मेली. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्यांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक उभं केलं. त्यावर ४०,००० च्या वर लोकांची आठवण आहे. इंग्रज शिपायांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. आणि साध्या हिंदी शिपायांची? पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. इतके मेले. बस. नावं वहीत ठेवली, दगडावर नाही. या असमानतेबद्दल कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगानं एप्रिल २०२१ मध्ये अहवाल काढून माफी मागितली. शंभर वर्षांनी.

हे मेलेल्यांचं. जे परत आले त्यांचं काय? पंजाबच्या बाबतीत एक चमत्कार झाला. लाहोरच्या संग्रहालयात गावोगावच्या भरतीच्या नोंदवह्या पडून होत्या. त्यांतल्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदी संगणकावर आणायचं काम झालं आणि २०२१ मध्ये ती लोकांसाठी खुली व्हायला लागली. इंग्लंडमधली पंजाबी कुटुंबं त्यात आपले पणजोबा शोधतात. माझ्या शिपायाचं नाव मी आयोगाच्या मृतांच्या यादीत टाकून बघितलं, सगळी स्पेलिंगं फिरवून. त्या नंबरचा ११४ मराठात कोणी नाही. म्हणजे गडी बहुधा जिवंत परत आला. आणि परत आल्यामुळेच यादीतून निसटला.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर जर्मन पदकाला टेबल आहे, की नाही. कंपनीच्या वह्या स्टुटगार्टला शाबूत, पण हे पदक त्यातल्या कोणाचं ते सांगणारा धागाच नाही. आपल्या पदकाला की आहे, टेबल नाही. नाव, नंबर, पलटण, सगळं कडेवर ठोकलेलं, आणि ते जुळवून बघायला समोर यादी नाही. आपल्याकडे ती चांदीची कडा हाच कागद आहे. ती गाळली की नोंद पुसली. बॅकअप नाही.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर हा नेहमीसारखा माहितीचा लेख झाला असता. पण त्याच दिवाळीत संध्याकाळी मी ते पदक बाबांना दाखवलं. अंगणात बसले होते. त्यांनी चष्मा वर केला, घोडा बघितला आणि म्हणाले, "असा तर आपल्या घरी बी होता ना."

मी म्हटलं, काय?

"आपल्या घरी. माह्या आजाचा. बसऱ्याले गेलता ना तो. देवघरात असायचा हळदीकुंकवाच्या डब्यात. आम्ही लहानपणी त्याच्यासंग खेळायचो. घोड्याचा पैसा म्हणायचो."

"मग कुठे गेला?"

बाबा काही बोलले नाहीत. आजी आतून आली होती, दारात उभी होती. तिनंच सांगितलं. मी १९८० चा. त्या जानेवारीत चांदीचा भाव जगभर इतका चढला होता की पूर्वी कधी तसा ऐकलेला नव्हता. (तिकडे विलायतेतही लोकांनी त्या वर्षी हीच पदकं किलोच्या हिशेबानं गाळायला दिली.) घरात पहिला नातू, बारसं तोंडावर आलेलं, हातात पैसा नाही. "मग काय करणार होते? तुह्या बारशाचे वाळे केले त्याचे," आजी म्हणाली. "दोन. चांगले जड झाले होते. सगळे विचारत होते, कुठून केले म्हणून."

ते वाळे मला माहीत आहेत. आईच्या कपाटात अजून आहेत. माझ्या मुलीच्या बारशाला तेच घातले होते. पायात वाजत होते तेव्हा मी व्हिडिओ काढलाय.

पणजोबांची पलटण कोणती? बाबांना माहीत नाही. नंबर? अर्थातच नाही. मराठा पलटण होती की दुसरी, लढायला गेले होते की सामान वाहायला? चांदीचा होता म्हणजे मजूर तुकडीत नसावेत, एवढा एकच निष्कर्ष मला काढता येतो, आणि तोही वाळे चांदीचे आहेत म्हणून. नाव घरात आहे, पण कडेवरची ओळ गेली. मी आजीला काही म्हटलं नाही. काय म्हणणार? तिनं जे केलं ते बरोबरच केलं. मेलेल्या माणसाचा बिल्ला डब्यात ठेवायचा की जिवंत पोराच्या पायात वाळे घालायचे, यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. तिला फक्त कोणी सांगितलं नव्हतं की गाळायच्या आधी कडा वाचून वहीत उतरवून ठेवा. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

म्हणून ज्या घरांत अजून असा काही 'बिल्ला' असेल त्यांना माझी एवढीच विनंती. विकू नका असं मी म्हणत नाही. नड कोणाला कधी येईल सांगता येत नाही, आणि चांदी शेवटी नडीसाठीच असते. पण देण्याआधी उजेडात धरा, कडा हळूहळू फिरवा, जे दिसेल ते जसंच्या तसं लिहून घ्या, स्पेलिंग सुधारू नका. मोबाईलनं फोटो काढा. पावडर, चिंच, राख लावून घासू नका. दर दिवाळीला घासून घासून कित्येक नावं सपाट झाली आहेत. आणि दुसऱ्या महायुद्धाचे तारे असतील तर मागची बाजू बघा, आपल्याकडच्या सैनिकांना दिलेल्या ताऱ्यांवर बरेचदा मागे नाव ठोकलेलं असतं. इंग्रज सैनिकांच्या ताऱ्यांवर ते नसतं. तेवढ्यापुरते आपण पुढे आहोत!

वाशिमचं पदक मी गाळायला देणार नाही आणि विकणारही नाही. माझं नाहीच ते. सराफ काकांना सांगून ठेवलंय, त्यांच्या दुकानात चिठ्ठीही लावलीय, रिसोड बाजूच्या ओळखीच्या लोकांनाही सांगितलंय. शिपायाचं नाव आणि नंबर मी इथे मुद्दाम लिहीत नाही. तो पासवर्ड आहे. ज्यांच्या घरात ११४ मराठामध्ये कोणी होतं, आणि ज्यांच्याकडून काही वर्षांपूर्वी एक घोड्याचा पैसा मोडीत गेला, त्यांनी पणजोबांचं नाव सांगावं आणि घेऊन जावं. पैसे नकोत. तीन तोळे चांदीचे पैसे मी माझ्या वाळ्यांच्या खात्यात टाकून दिलेत.

स्टुटगार्टच्या पदकाचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही. त्याच्या कडेवर काहीच नाही, त्यामुळे कोणी मागायलाही येणार नाही. दोन्ही एकाच पेटीत ठेवतो. खाली वाजलं वाटतं, मायलेकी आल्या. बाकी पुढच्या शनिवारी.